चिखलातली मिशनरीण

दीपमाला साळवेला चर्चमध्ये हसू यायचं. तसं ते तिला बाजारात, बसमध्ये, सासरच्या लग्नकार्यातही यायचं. पण चर्चमध्ये दाबायला जावं तर दुपटीनं उसळायचं. थोरात पाळकांनी "आपण डोळे मिटून शांत होऊ या," असं म्हटलं रे म्हटलं की तिच्या पोटात कुणीतरी गुदगुल्या करायला लागे. कुणी आमेन एक ओळ आधीच म्हणून टाके, पेटीच्या भात्यातून म्हातारीच्या खोकल्यासारखा आवाज येई, आणि दीपमाला तोंडात पदराचा बोळा कोंबून खांदे गदगदवत बसे. मागच्या बाकावरच्या बायकांना वाटे, बाई पश्चात्तापानं रडतेय. एकदा एका पाहुण्या बाईंनी उपासना संपल्यावर तिचा हात हातात घेऊन विचारलं, "फार मोठं ओझं आहे का गं मनावर?" त्यावर ती जी पळाली, ती थेट शरणपूर रोडच्या बसस्टॉपला जाऊन थांबली.

नवरा कुंदन ओझरच्या विमान कारखान्यात फिटर. माणूस कमी बोलणारा. यंत्रावर त्याचा जेवढा जीव तेवढा प्रवचनावर नाही. रविवारी तो चर्चला यायचा, पण शेवटच्या बाकावर बसून छताच्या पंख्याचं बेअरिंग कसं वाजतंय ते ऐकत राहायचा. मुलगी शुभांगी सातवीत. दीपमाला घरी ब्लाउज शिवायची. असं सरळ चाललेलं आयुष्य. ते वाकडं झालं १९९४ सालच्या फेब्रुवारीत, एका गांधीलमाशीमुळे.

त्यांच्या चर्चच्या मंडळीत मिशन म्हणजे वर्षातून एक रविवार, एक पाहुणा वक्ता आणि त्यानंतर मटणाचं जेवण. डोंगरातल्या लोकांसाठी सगळे मनापासून प्रार्थना करत, मग जेवत, मग वर्षभर डोंगर तिकडे आणि मंडळी इकडे. त्या वर्षीचे वक्ते पुण्याहून आले होते. आवाज असा की खिडक्यांच्या काचा थरथराव्यात. बोलता बोलता त्यांनी दोन्ही हात पसरले आणि ते गरजले, "तिथं लोक वाट बघताहेत! कोण जाईल? या एवढ्या मोठ्या मंडळीत उठून 'मी जातो' म्हणणारा एक तरी जीव आहे का?"

सगळे आपापल्या चपलांकडे बघायला लागले. चर्चचा कारभार बघणाऱ्या वडीलमंडळींना एकाएकी चष्मे पुसायची आठवण झाली. आणि नेमक्या त्याच क्षणी खिडकीतून आलेली गांधीलमाशी दीपमालाच्या ब्लाउजच्या पाठीत शिरली.

"आई गं!" करून ती ताडकन उभी राहिली. दोन्ही हात वर.

"हालेलूया!" वक्ते ओरडले.

टाळ्यांचा कडकडाट झाला. दीपमाला सांगायला बघत होती, पण एक हात पाठीकडे, एक हवेत, आणि तोंडातून शब्दाऐवजी नुसतं 'ऊं ऊं'. पाळकीणबाई धावत आल्या आणि त्यांनी तिला घट्ट मिठी मारली, ती बरोबर डंखावर. दीपमालाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. मग तर कुणाच्या मनात शंकाच उरली नाही.

घरी कुंदननं डंखाला चुना लावला. त्याचा हात थरथरत होता. तिनं मागे वळून पाहिलं तर हा माणूस आवाज न करता हसत होता.

"तू? मिशनरी?"

"अहो, हसू नका. मी उद्या जाऊन खरं सांगणार आहे पाळकांना."

सोमवारी ती गेली. थोरात पाळक ओट्यावर बसून तांदूळ निवडत होते. पाळकीणबाईंची शाळा असायची, त्यामुळे सकाळचा भात पाळकांकडे. दीपमालानं मान खाली घालून सगळं सांगितलं. गांधीलमाशीसकट. पाळकांनी ताटातला एक खडा उचलून अंगणात भिरकावला.

"दीपमालाबाई, या मंडळीतून कुणीतरी उभं राहावं म्हणून मी अकरा वर्षं प्रार्थना केली," ते म्हणाले. "कशानं उभं राहावं, ते मात्र मी देवाला सांगितलं नव्हतं."

"पण मला प्रवचन येत नाही. मला तर प्रार्थनेत हसू येतं."

"शास्त्रात देवानं एकदा गाढवीच्या तोंडून बोलून काम भागवलंय. तुम्ही जा. बघा, आणि काय दिसलं ते येऊन सांगा. एवढंच."

गाढवीवरून तिला परत हसू फुटलं, आणि पाळकांनी तो होकार धरला.

जुलैत सावळीराम मास्तर तिला घेऊन निघाले. मास्तर म्हणजे मिशन समितीचे चिटणीस, निवृत्त मुख्याध्यापक. भर पावसातही काळा कोट, गळाबंद. हातात छत्री, आणि पत्र्याच्या पेटीत शास्त्रातली रंगीत चित्रं आणि सुवार्तेची पत्रकं. चाळीस वर्षं मुलांना गप्प बसवून मास्तरांचं स्वतःचं तोंड मिटायला आणि इतरांचं मिटवायला सरावलं होतं. दोघं एसटीनं घोटीला उतरली, तिथून एका जीपच्या टपाला लटकलेल्या माणसांखाली दाटीवाटीनं बसून पुढे, आणि शेवटी तासभर पायी. पाड्यावर पोहोचली तर तिथं एक म्हातारा, सात कोंबड्या आणि चारदोन पोरं. बाकी अख्खा पाडा आवणीला, म्हणजे भाताची रोपं लावायला, खाली खाचरात.

मास्तर डगमगले नाहीत. खाचराच्या बांधावर उभे राहिले, छत्री नीट धरली, खाकरले आणि सुरू झाले, "बंधुभगिनींनो! आज आम्ही तुमच्यासाठी एक आनंदाची बातमी..."

समोर पंचवीस-तीस बाया कमरेत वाकून रोपं खोचत होत्या. नुसत्या पाठी. तोंड एकही नाही. त्यातली एक, डोक्यावर प्लास्टिकचं इरलं घेतलेली, कंबर न उचलताच म्हणाली, "बोला मास्तर, बोला. आमचं त्वांड खाली हाय, पन कान वर हायेत."

ही अक्काबाई. खाचर तिचं, आणि पाड्यावर शब्दही तिचाच.

दीपमालानं ओठ दाबले. श्वास धरला. मास्तरांकडे बघायचं नाही असं ठरवून ती एक पाऊल बाजूला सरकली आणि बांधावरून घसरली. अशी घसरली की साडी, पिशवी, चपला यांच्यासह ती खाचरात जाऊन फतकल मारून बसली. चिखल कानापर्यंत. बाया मान वर करून बघत होत्या. मास्तरांचं वाक्य अर्ध्यात लोंबकळत होतं. आणि दीपमाला हसली. सहा महिने, वर्ष, सगळ्या रविवारांचं दाबून ठेवलेलं एकदम बाहेर पडलं. तिला उठवायला आलेली बाई हसता हसता तिच्यावरच पडली. मग एकीला दुसरी, दुसरीला तिसरी करत ते हसू खाचराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं आणि परत आलं.

"आलीच हायेस तर मूठ घे," अक्काबाईनं रोपांची जुडी तिच्या हातात कोंबली. "बसल्या जागी काय पिकत नाय."

दीपमालाचं माहेर येवल्याकडचं, कोरड्या रानातलं. भात तिनं फक्त ताटात पाहिलेला. तिनं खोचलेली रोपं पाण्यावर तरंगायला लागली. अक्काबाईनं कंबरेवर हात ठेवून तिची ओळ न्याहाळली.

"ही वळ हाय का शेळीच्या मुताची धार?"

पुन्हा सगळ्या बाया हसून हसून खाली बसल्या. दुपारपर्यंत दीपमालाची ओळ निदान आपण कुठं चाललोय हे विसरेनाशी झाली. कुणीतरी विचारलं, "तुला धाडलं कोनी गं इकडं?"

"गांधीलमाशीनं," ती म्हणाली, आणि सगळं सांगितलं. पुण्याच्या वक्त्यांचा आवाज काढून, पाळकीणबाईंची मिठी दाखवून. आवणीची गाणी त्या दिवशी कुणी म्हटलीच नाहीत. गरजच पडली नाही.

संध्याकाळी एसटीत मास्तर ताठ बसले होते. त्यांना पाड्यावरच्या म्हाताऱ्यानं कोरा चहा दिला होता, तेवढंच त्यांच्या घशाखाली गेलं होतं.

"बाई, आज सुवार्तेचा एकही शब्द झाला नाही," ते म्हणाले.

"नाही मास्तर," ती म्हणाली. तिच्या कमरेचे तुकडे झाले होते, केसांत चिखल वाळला होता, आणि चेहऱ्यावरचं हसू काही केल्या पुसलं जात नव्हतं. मिशन समितीच्या बैठकीत पत्रकांचं काय झालं असं विचारल्यावर मात्र तिला खरं बोलावं लागलं. पोरांनी त्यांच्या होड्या केल्या होत्या. खाचरात सोडल्या होत्या. चांगल्या पोहत होत्या.

ती पुन्हा गेली. मग दर महिन्याला जायला लागली. हातानं फिरवायचं शिलाई मशीन डोक्यावरून नेलं आणि अक्काबाईच्या ओसरीवर मांडलं. ब्लाउज शिवता शिवता तीन-चार जणींना शिकवलं. कुणाचा विळ्यानं कापलेला हात सुजला तर तिला नाशिकच्या दवाखान्यात घेऊन दिवसभर रांगेत बसली. कुणाच्या घरी मयत झाली तर नुसती जाऊन भिंतीला टेकून बसली, कारण तिथं काय बोलावं ते तिला सुचलं नाही, आणि त्या दिवशी तिला हसूही आलं नाही. देवाशी ती एसटीत बोलायची, खिडकीला डोकं टेकून, शेजारणीशी बोलावं तसं. 'प्रभू, आज तेवढी पाठ धरू देऊ नको. आणि मास्तर जाब विचारतील तेव्हा काय सांगू ते जरा सुचव.' तू इथं का येतेस असं पाड्यावर कुणी विचारलं की म्हणायची, "मला इथं बरं वाटतं." ते खरं होतं. यापेक्षा खरं तिला दुसरं काही माहीत नव्हतं.

एकदा सकाळी ती पोहोचली तर गोठ्यात गर्दी. अक्काबाईची म्हैस अडली होती. अक्काबाईचा हात कोपरापर्यंत म्हशीच्या आत, आणि कपाळावर घामाची धार.

"ए बाय, तू देवाची मानूस ना? मग नुस्ती उभी काय? काय म्हनायचं ते म्हन!"

चारचौघांत मोठ्यानं प्रार्थना दीपमालानं जन्मात केली नव्हती. चर्चमध्ये तिची पाळी आली की ती खोकल्याचं निमित्त काढून बाहेर जायची. ती उघड्या डोळ्यांनी म्हशीकडे बघत म्हणाली, "प्रभू, म्हैस अडलीय. तुला दिसतंच आहे. जरा लवकर कर."

अक्काबाईनं दात-ओठ खाऊन ओढलं. रेडकू सटकन बाहेर आलं, अक्काबाई मागे शेणात आणि रेडकू तिच्या मांडीवर.

"आमेन," दीपमाला म्हणाली. अजून ते म्हणायचं राहिलं होतं.

अक्काबाईनं रेडकाचं तोंड पुसता पुसता वर पाहिलं. "तुमचा देव थोडक्यात बी ऐकतो म्हनायचा. त्या मास्तरला सांग हे."

१९९७ साली भगिनी मंडळातल्या एका बाईंनी मुलाची जुनी लुना तिला देऊ केली. घोटीपर्यंत एसटी होती, पुढची जीप मात्र मिळाली तर मिळाली. लुना घोटीतल्या एका भातगिरणीच्या पडवीत ठेवायची आणि तिथून पाड्यावर जायचं, असा बेत ठरला. आधी ती चालवायला यायला हवी. कुंदननं चर्चच्या पटांगणात धडे सुरू केले. पहिल्याच दिवशी आत पाळकांच्या खोलीत वडीलमंडळींची बैठक चालली होती.

लुना सुटली. दीपमाला चर्चला वळसा घालून खिडकीसमोरून गेली तेव्हा बैठकीला ऐकू आलं, "थांबत नाहीये!" थोड्या वेळानं पुन्हा, "अहो, ब्रेक कुठला?" आणि मागून धापा टाकत कुंदन, "डावा! डावा दाब!" तिसऱ्या फेरीला नुसतं हसणं ऐकू आलं, दुरून जवळ आणि जवळून दूर. सगळे वडील खिडकीशी गोळा झाले. चौथ्या फेरीला दीपमाला पाळकीणबाईंच्या वाळत घातलेल्या पातळात घुसली आणि पातळासकट कुंपणाच्या मेंदीत जाऊन विसावली. वरून फक्त तिचे डोळे दिसत होते, आणि त्यांतून पाणी वाहत होतं.

"लागलं का?" कुंदननं ओरडून विचारलं.

"परत!" आतून आवाज आला. "परत एकदा!"

पुढच्या महिन्यापासून घोटीच्या रस्त्यावर पायात स्लिपर, डोक्याला रुमाल, मागे शिलाई मशीन बांधलेलं, अशी एक बाई मोठमोठ्यानं गात जाताना लोकांना दिसायला लागली. पोरं तिला 'लुनामावशी' म्हणत.

पण सावळीराम मास्तर अस्वस्थ होते. माणूस खोटा नव्हता. सुवार्ता सांगायची असते अशी त्यांची ठाम श्रद्धा होती. आणि इथं एक बाई चार वर्षं डोंगरात जाऊन ब्लाउज शिवत होती. १९९८च्या एप्रिलमधल्या बैठकीत ते उठून उभे राहिले. "मी कुणाला दोष देत नाही. पण हे मिशन नव्हे. ही सहल आहे. हे बंद करावं."

कदाचित मास्तर बरोबरच असतील, असं दीपमालाला वाटलं, आणि घरी जाऊन ती पहिल्यांदाच खरोखरची रडली. कुंदन तिच्यापाशी बसून राहिला. मग म्हणाला, "लुनाचा क्लच घसरतोय म्हणत होतीस ना? शनिवारी सुट्टी आहे. येतो बघायला."

असा कुंदन पहिल्यांदा पाड्यावर गेला. लुना दुरुस्त केली. अक्काबाईनं नाचणीची भाकर आणि ठेचा दिला, तो खाल्ला. मग पाणी मागितलं, तर घरातल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. उन्हाळ्यात पाणी खालच्या ओहोळातल्या झिऱ्यावरून आणावं लागे. वाटीवाटीनं भरायचं, तासभर. कुंदन हात मातीनं पुसायला म्हणून घराच्या मागे गेला आणि तिथं त्याला हापसा दिसला. गंजलेला, दांडी आभाळाकडे, तोंडात कोळ्याचं जाळं. तीन वर्षांपूर्वी बंद पडला होता. पंचायतीला सांगून थकलो, कुणी येत नाही, असं पाड्यावरचे म्हणाले. दीपमालानं तो कितीदा पाहिला होता, पण तो पुन्हा चालू होईल हे तिच्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

कुंदननं त्याच्या अंगावरून हात फिरवला. दीपमालानं त्याचा चेहरा पाहिला. मयतीच्या घरी जसा असावा तसा.

"यंत्राला असं मरू देतात?" तो म्हणाला. "तीन वर्षं?"

ओझरला जाऊन त्यानं पाळीतल्या दोन फिटरांना गाठलं, सहादूला आणि भिमाजीला. दोघं कुठल्याच चर्चचे नव्हते, पण बिघडलेला हापसा म्हटल्यावर दोघांनी धर्म विचारला नाही, फक्त पाइपची खोली विचारली. तिघांना सुट्टी मिळून यायची ती रविवारीच. म्हणजे कुंदनची उपासना बुडणार. मास्तरांनी ते ऐकून डोक्याला हात लावला. थोरात पाळक मात्र म्हणाले, "उपासना बुडायला नको. आपणच उपासना घेऊन तिकडे जाऊ."

मेच्या पहिल्या रविवारी एक टेम्पो आणि दोन जीप भरून मंडळी पाड्यावर पोहोचली. पांढऱ्या साड्या, इस्त्रीचे सदरे, पेटी, तबला. पाड्यावरची माणसं ओसऱ्यांवर बसून हे वऱ्हाड बघत होती. एकीकडे गाणी चालली होती, दुसरीकडे तिघं फिटर पाइप वर ओढत होते. वरचा पाइप धरायला माणसं कमी पडली, तेव्हा वडीलमंडळी कोट काढून पुढे झाली. पाड्यावरचे गडी दुसऱ्या बाजूनं. "हैशा" म्हणायचं की "हालेलूया" यावर थोडा गोंधळ झाला आणि शेवटी दोन्ही चाललं. कुंदननं खालचं चामड्याचं वॉशर बाहेर काढलं. पार झिजून सुकल्या पापडासारखं झालेलं. त्यानं ते सगळ्यांना दाखवलं, जणू काही प्रवचनाचं वचनच. नवीन बसवलं. पाइप पुन्हा एकेक करून खाली गेले. दुपारचे दोन वाजले.

"आता दांडी हलवायच्या आधी," सावळीराम मास्तर पुढे होऊन म्हणाले, "प्रार्थना झाली पाहिजे."

ते हापशाच्या बरोबर तोंडाशी उभे राहिले. कोटाची बटणं लावली. डोळे मिटले. आणि सुरुवात केली जगाच्या उत्पत्तीपासून. पाणी कसं निर्माण झालं, मग जमीन, मग झाडं. पुराच्या पाण्यापर्यंत आले तेव्हा पाच मिनिटं झाली होती. समुद्र दुभंगला तेव्हा दहा. मंडळी उन्हात डुलत होती. दीपमालानं पदर तोंडात कोंबला.

अक्काबाई पाठीमागे हंडा घेऊन उभी होती. तीन वर्षं थांबली होती. आणखी किती थांबायचं याला काही सुमार होता. ती दांडीपाशी गेली.

"अक्काबाई, नको," दीपमाला पुटपुटली.

अक्काबाईनं दांडी खाली दाबली. करकर. वर. पुन्हा खाली. मास्तर वाळवंटापर्यंत आले होते, खडकातून पाणी निघण्याच्या जागी. हापशाच्या पोटात काहीतरी गुरगुरलं, घशात अडखळलं, आणि मग लाल, गंजाळलेल्या पाण्याचा लोट धाडकन बाहेर येऊन मास्तरांच्या छातीवर आदळला.

"आमेन!" मास्तर किंचाळले.

अक्काबाई थांबली नाही. पुढचं पाणी स्वच्छ आलं, मास्तरांच्या चष्म्यावरून, मिश्यांवरून, गळाबंद कोटाच्या आतून खाली. वडीलमंडळी जमिनीकडे बघत होती. दीपमालाचे डोळे पदराच्या वरून वाटोळे झाले होते. आणि मग मास्तरांच्या आतून एक आवाज आला. आधी नुसती करकर, कित्येक वर्षांत न हललेलं काहीतरी हलावं तशी. मग गुरगुर. मग ते फुटलं. मास्तर हसत होते. गुडघ्यांवर हात टेकून, कोटाच्या बाह्यांतून पाणी गाळत, चाळीस वर्षांच्या सगळ्या गप्प वर्गांचं हसू ते हसत होते.

"हाण बाई, हाण!" ते अक्काबाईला म्हणाले. "अजून हाण!"

त्यानंतर काय झालं ते नीट कुणालाच सांगता येत नाही. पोरं पाण्याखाली घुसली. पाळकीणबाईंनी पाळकांवर हंडा ओतला. पांढऱ्या साड्या लाल झाल्या. तबला वाजवणारा भिजल्या तबल्यावरच थापा मारत राहिला, आणि कुंदन, जो कधी गायला नव्हता, तो भसाड्या आवाजात गायला लागला. सूर एक धरून, शब्द भलतेच. दीपमाला चिखलात बसून हसत राहिली.

मिशन समितीची पुढची बैठक दहा मिनिटांत आटोपली. मास्तर म्हणाले, "माझी सूचना मी मागे घेतो," आणि खाली बसले. तेव्हापासून महिन्यातला एक रविवार मंडळी पाड्यावर जायला लागली. ज्याच्या हातात जे असेल ते घेऊन. एक नर्स होती, ती तिचं सामान घेऊन. एक केस कापणारे होते, ते कात्री घेऊन. मिशनरी असं कुणालाच कुणी म्हणेना, त्यामुळे जायची कुणाला भीती उरली नाही. मास्तरांनी पत्र्याची पेटी घरी ठेवली आणि पाटी-पेन्सिली घेतल्या. उंबराखाली त्यांनी म्हाताऱ्यांची शाळा भरवली. अक्काबाई दोन महिन्यांत स्वतःचं नाव लिहायला शिकली आणि त्या दिवशी पाटी त्यांच्या हातात परत देऊन म्हणाली, "झालं. आता मला कोन फसवतंय!" मास्तरांनी तिच्या हातापाया पडून तिला बाराखडीपर्यंत नेलं.

पुढच्या वर्षांत पाड्यावरच्या काही घरांनी आपणहून विचारलं, की तुम्ही हे कुणाच्या नावानं करता. त्यांना सांगितलं गेलं. त्यांतली काही मंडळीत आली, काही नाही आली, आणि हापशाचं पाणी सगळ्यांच्या हंड्यात सारखंच पडत राहिलं. अक्काबाई नाही आली. "माझे देव माझ्या घरात हायेत," ती दीपमालाला म्हणाली. "तुझा माझ्याकडं पाव्हना." दीपमालानं हे पाळकांना सांगितलं तेव्हा तिला वाटलं, ते हिरमुसतील. ते म्हणाले, "पाहुण्याला घरात चांगली जागा मिळते, दीपमालाबाई. मिळू द्या."

२००५च्या डिसेंबरात शुभांगीचं लग्न ठरलं. मुलगा पुण्याचा, बँकेतला. घरची माणसं फार शिस्तीची. मुलाच्या आई यशोदाबाई हसायच्या त्या ओठांच्या कडेनं. चर्चमध्ये लग्न नीट लागलं, दीपमालानं सगळा वेळ खालचा ओठ चावून धरला आणि एकदाही आवाज काढला नाही. जेवणाच्या मांडवात पाहुणे ओळीनं खुर्च्यांवर बसले, मंद वाद्यसंगीत सुरू झालं. तेवढ्यात फाटकातून एक टेम्पो आत शिरला. त्यातून तांदळाची पोती उतरली, मग दोन ढोल, मग चाळीस बाया-माणसं, आणि सगळ्यांत पुढे, नवं हिरवं लुगडं नेसलेली, सत्तरीची अक्काबाई.

"कुठं हाय माझी नवरी?" तिच्या आवाजानं वाद्यसंगीत आपोआप थांबलं.

यशोदाबाईंनी भुवई उंचावली. "हे कोण?"

कुंदन दीपमालाच्या शेजारीच उभा होता. तो कधी न बोलणारा माणूस म्हणाला, "ही हिच्या माहेरची."

ढोल सुरू झाले. पाड्यावरच्या बायांनी एकमेकींच्या कमरेत हात घालून फेर धरला आणि तो मांडवातून खुर्च्या बाजूला सारत वाढत गेला. पाळकीणबाई आत ओढल्या गेल्या, मग मास्तर, काठीसकट. शुभांगी शालू खोचून मधे शिरली. अक्काबाई यशोदाबाईंसमोर येऊन थांबली, त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आणि "चल इहीन, बसल्या जागी काय पिकत नाय," म्हणत त्यांचा हात धरून त्यांना उठवलं. यशोदाबाई पहिली दोन पावलं खांबासारख्या ओढल्या गेल्या. तिसऱ्याला त्यांची एक चप्पल निसटली. चौथ्याला दुसरी.

अर्ध्या तासानं त्या धापा टाकत दीपमालाच्या शेजारच्या खुर्चीत येऊन पडल्या. अनवाणी. अंबाडा सुटलेला. हसून हसून त्यांना बोलता येत नव्हतं. दीपमालालाही येत नव्हतं. दोघी एकमेकींच्या खांद्याला धरून नुसत्या गदगदत राहिल्या.

"दीपमालाताई," शेवटी यशोदाबाईंनी डोळे पुसत विचारलं, "ह्यांच्या गावाला जायला पुण्याहून गाडी कुठली?"